चौकचं कॉलेज

अन्याय झाला तो चौकच्या एका मुलीवर. दहावीचा निकाल लागल्यानंतरच्या चौथ्या गुरुवारी, सकाळी दहा वाजून दोन मिनिटांनी. त्या मिनिटाला तिच्या आईच्या मोबाइलवर मेसेज आला की अकरावी सायन्ससाठी तुम्हाला पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आहे, अभिनंदन.

आमच्या पत्रकांत यापुढची ओळ ठरलेली असते. ठळक अक्षरात ‘जबाबदार कोण?’ आणि खाली कुणाचं तरी नाव. इथे मी नावं घेणार नाही, पण जबाबदार कोण ते सांगते. ती पहिली पसंती मी भरली होती. माझ्या लॅपटॉपवर, माझ्या बोटाने, आणि ती मुलगी शेजारी बसून ‘थांबा ना ताई’ म्हणत असताना.

मी मीरा-भाईंदरमध्ये एका विद्यार्थी संघटनेचं काम करते. पत्रकं लिहिणं हे माझं खातं. राहते मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कात. आईबाबा परळहून इकडे आले तेव्हा मी चार वर्षांची होते, त्यामुळे शाळा, कॉलेज, क्लास हे सगळं घरातून चालत जायच्या अंतरावर असतं अशीच माझी समजूत होती. आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर उभं राहून नुसती मान फिरवली तरी क्लासचे सात बोर्ड दिसतात. ‘इंटिग्रेटेड’ म्हणजे काय हे आमच्याकडच्या पालकांना समजावून सांगावं लागत नाही. नाव कॉलेजात, पोर क्लासमध्ये, हजेरी दोन्हीकडे. एका मुलामागे दोन-दोन ठिकाणी प्रवेश ही आमच्याकडे हुशारी समजली जाते.

चौक मला बाविसाव्या वर्षी कळलं. पत्रकं वाटायला जायचं होतं. भाईंदर स्टेशनबाहेर बसमध्ये चढले आणि कंडक्टरला विचारलं, “चौक म्हणजे कुठला चौक?”

“मॅडम, गाव आहे ते.”

मागच्या सीटवर टोपल्या घेऊन बसलेल्या दोन बायका एकमेकींना कोपराने ढोसत हसल्या. मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी, उत्तन येऊन गेलं तरी त्या अधूनमधून माझ्याकडे बघून हसत होत्या. त्या गावाला याची सवय आहे. बँकेत, दवाखान्यात, फोनवर पार्सलवाल्याला, सगळीकडे ‘कौनसा चौक?’ ऐकायचं आणि ‘गाव का नाम ही चौक है’ म्हणून सांगायचं. आपल्या गावाच्या नावाची फोड रोज करून सांगावी लागणं हासुद्धा एक प्रकारचा कर आहे, असं मी त्याच आठवड्यात पत्रकात लिहिलं. वाक्य जमलं म्हणून खूश झाले. वाक्यं जमण्याचा मला फार अभिमान होता.

पत्रकातली मागणी मात्र खरी होती. किनाऱ्यावरच्या या गावांतल्या पोरांना अनुदानित सायन्स हवं असेल तर पहाटेची कामं उरकून बस पकडायची आणि भाईंदर गाठायचं. तिथे जागा मोजक्या. मुलगे तरी मित्राच्या बाइकवर जातात. मुलींचं दहावीनंतर काय होतं ते गावात कुणालाही विचारा. ‘किनाऱ्यावरच्या गावांना स्वतःचं कनिष्ठ महाविद्यालय मिळालंच पाहिजे!’ हे मी लिहिलं, छापून आणलं आणि आठ वेळा चौकला जाऊन वाटलं. आठ वेळा. हा आकडा पुढे मला ऐकवला गेला.

फॉर्म भरायच्या दिवसांत आम्ही एका रविवारी तिकडेच टेबल टाकलं, चर्चच्या आवारातल्या हॉलमध्ये, मिसाची प्रार्थना सुटल्यावर. लोक चांगल्या कपड्यांत होते, पोरं हातात मार्कशीटच्या झेरॉक्स घेऊन. मी आधी उभी राहिले आणि नियम समजावून सांगितला. तो इथेही सांगते, कारण सगळं त्याच्यावरच अडलं. दहा कॉलेजं पसंतीच्या क्रमाने भरायची. यादीत दोन ते दहामधलं काही मिळालं तर घ्या किंवा पुढच्या फेरीची वाट बघा. पण पहिल्या पसंतीचं मिळालं तर ते घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर नियमित फेऱ्यांमधून तुम्ही बाहेर. मग सगळ्यांचं वाटून झाल्यावर उरल्यासुरल्या जागांची एक शेवटची फेरी, तिथे बघायचं.

“म्हणून पहिली पसंती डोळ्यांत तेल घालून भरा,” असं मी म्हणाले. हो, मीच.

ती मुलगी आईबरोबर आली. मराठी माध्यम, शाळेत पहिली. तिचं ठरलेलं होतं. अकरावी-बारावी सायन्स, मग मत्स्यविज्ञानाची डिग्री. कुणीतरी अधिकारी बाई एकदा जेट्टीवर जाळ्यांची पाहणी करायला आल्या होत्या, त्यांच्यामागे दिवसभर फिरून हिने सगळं विचारून घेतलं होतं. कुठे शिकायचं, काय लागतं, बारावीला बायोलॉजी का हवी. एका वहीच्या मागच्या पानावर तिने ते लिहून आणलं होतं.

“चार वरसं शिकून मासा वळखणार,” आई हॉलभर ऐकू जाईल अशी म्हणाली. “मी पदर डोळ्यांवर घेऊन वळखते. मना द्या डिग्री.”

“आई, वळखायचं न्हाय, वाढवायचं शिकवतात.”

“वाढव बाय, वाढव. दर्यात उरलाय कुठं आता.”

ती हसत बोलत होती, पण डिग्रीच्या बाजूने होती. नवऱ्याकडून तिने शब्द घेतला होता की भाईंदरपर्यंत बसने जाईल तर पोरगी शिकेल. त्याच्या पलीकडे न्हाय. म्हणजे प्रश्न एवढाच होता की सायन्सची एक जागा, बसच्या टप्प्यात. बाकी सगळं त्या मुलीने स्वतः केलं असतं.

भाईंदरचं कॉलेज मी पहिल्या क्रमांकावर टाकत होते. तेवढ्यात आई म्हणाली, “आमचे चौकला कालेज हाय का बघ ना त्या मशिनीत.” आजूबाजूचे हसले. मीही हसले आणि गंमत म्हणून शोधायच्या चौकटीत ‘चौक’ टाइप केलं.

आणि आलं. कनिष्ठ महाविद्यालय, सायन्स, अनुदानित, चौक.

मी दोनदा वाचलं. आठ वेळा पत्रकं वाटली होती, दोनदा निवेदन दिलं होतं, एकदा अधिकाऱ्याने ‘बघू’ म्हटलं होतं. माझ्या डोक्यात त्या ‘बघू’ची मंजुरी होऊन गेली. मी खुर्चीवरून उठलेच. “झालं! तुमच्या गावात कॉलेज मंजूर झालं!”

हॉलमध्ये एकदम गलका. कुणी मोबाइल काढून स्क्रीनचा फोटो घेतला. आईने आपल्या पोरीच्या पाठीत धपाटा घातला, लाडाने. एक म्हातारा मच्छीमार मात्र खुर्चीवरून न उठता म्हणाला, “आमचे गावात? कुठं? मी सकाळीच आलो तिकडून.”

“दादा, मंजुरी आधी येते. इमारत मागून.”

“मंग मी पयला इचारतो,” तो म्हणाला आणि आपल्या नातीचा अर्धवट फॉर्म उचलून घेऊन गेला. मला त्याचा राग आला होता. अडाणीपणा, असं मी मनात म्हटलं. ती नात आज भाईंदरला सायन्सला आहे.

आणि मुलगी माझ्या कोपराला हात लावून म्हणाली, “थांबा ना ताई. वर्ग कुठे भरणार?”

“पहिल्या वर्षी शाळेच्याच खोल्यांत भरवतात. सगळीकडे असंच असतं.”

असंच असतं खरं. मला माहीत होतं. मला बरंच माहीत होतं, म्हणूनच तर ती गप्प बसली. भाईंदर दोनवर गेलं, चौक एकवर आलं, मी फॉर्म लॉक केला.

त्या वर्षी नवीन झालेली एक गोष्ट मी विसरले होते. सगळ्या राज्याची यादी एकच झाली होती. आणि राज्यात चौक एकच नाही. दुसऱ्या जिल्ह्यात, खाडी आणि डोंगर ओलांडून, चौक नावाचं आणखी एक गाव आहे. तिथे कॉलेज आहे, चांगलं चालू असलेलं. जिल्ह्याचं नाव यादीत लिहिलेलंच होतं, पुढच्या रकान्यात. चष्म्याशिवाय वाचता येईल असं. मी वाचलं नाही. आयुष्यभर ‘कुठला चौक?’ असं ज्यांना चुकीच्या वेळी विचारलं गेलं, त्यांच्यासाठी एकदाच तो प्रश्न विचारायची गरज होती, आणि तेव्हा मी विचारला नाही.

त्या दुपारी बसमध्ये बसूनच मी पत्रक लिहिलं. ‘चौकला कॉलेज! लढ्याला यश!’ संध्याकाळपर्यंत ते सगळ्या ग्रुपवर फिरत होतं.

तर गुरुवार, दहा वाजून दोन मिनिटं. मुलीचा फोन आला, पहिली पसंती मिळाली म्हणून. पाठीमागे आई कुणालातरी ओरडून सांगत होती. प्रवेश पक्का करायची मुदत शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत होती. मी म्हटलं, वाटपाचं पत्र काढ आणि त्यावरच्या नंबरवर फोन करून विचार, कागद घेऊन कुठे यायचं. वीस मिनिटांनी तिचा परत फोन आला. आवाज बारीक झालेला.

“ताई, मी उत्तनजवळून बोलतेय म्हटलं, तर ते विचारतायत, उत्तन म्हणजे कुठलं उत्तन.”

मी लॅपटॉप उघडला. जिल्हा वाचला. तो आमचा नव्हता.

त्या कॉलेजच्या क्लार्कशी मी स्वतः बोलले. सज्जन माणूस. तो म्हणाला, “बाळा, भाईंदरहून इथे रोज? दोन गाड्या बदला, मग रिक्षा. सकाळी सातची प्रॅक्टिकल असतात.” मुलींचं हॉस्टेल आहे का, विचारलं. नव्हतं. “इथे तिचे कुणी नातेवाईक?” त्याने विचारलं. नव्हते.

शुक्रवारी आम्ही तिघी जिल्ह्याच्या कार्यालयात गेलो. तक्रारीच्या रांगेत साडेतीन तास. मुलीने वही आणली होती, तीच, मागच्या पानावर सगळं लिहिलेली. ती तिने बाहेर काढली नाही, नुसती छातीशी धरून उभी होती. खिडकीमागच्या माणसाने फॉर्म स्क्रीनवर उघडला, माझं सगळं बोलणं मधे न तोडता ऐकून घेतलं आणि विचारलं,

“चूक सिस्टीमची दाखवा. कुठे आहे?”

“दोन गावांचं नाव एकच आहे, सर.”

“जिल्हा लिहिलाय.”

“हो, पण…”

“पसंती मुलीची, पासवर्ड मुलीचा, बोट तुमचं. मॅडम, मी कुणाची चूक लिहू?” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “एकाचं बदललं तर उद्या माझ्यापुढे पाचशे जण उभे राहतील. शेवटच्या फेरीपर्यंत थांबा. तिथे मिळेल, मिळालं तर.”

मला त्याच्यावर ओरडता आलं नाही. मी मोठमोठ्या लोकांवर ओरडलेय, टेबलावर हात आपटलेत. तिथे हात वर जाईना, कारण नियम निर्दय असला तरी माणूस खोटं बोलत नव्हता.

बाहेर जिन्यात आई थांबली. तिने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, “बाय, तू आमचे गावात किती वेळा आलीस?”

“आठ वेळा, मावशी.”

“आठ वेळा येऊन तुला तिथं कालेज दिसला न्हाय. आनि मशिनीत दिसला?”

मुलगी म्हणाली, “आई, चल.” माझ्या बाजूने नव्हे. नुसतं, चल.

शनिवारी सहा वाजले. प्रवेश घेतला नाही. नियमित फेऱ्यांमधून ती बाहेर गेली. बापाने एवढंच विचारलं की मग आता घरी बसणार का. तिने सांगितलं, शेवटची फेरी हाय. तो म्हणाला, त्या फेरीला बसच्या टप्प्यात मिळालं तर जा. न्हाय तर बघू. त्या ‘बघू’चा अर्थ त्या घरात सगळ्यांना ठाऊक होता.

मी दुरुस्तीचं पत्रक काढलं. ‘चौकला कॉलेज नाही. चूक माझी आहे.’ संघटनेतला आमचा सीनियर भडकला. “माझी काय लिहितेस? तांत्रिक लिही. तांत्रिक चूक.”

“तांत्रिक कुठे आहे? मी वाचलं नाही.”

“अगं, लोक उद्या आपल्या टेबलावर येणार नाहीत.”

“नाही आले तर बरंच.”

पत्रक मी तसंच छापलं. पहिल्या पत्रकाएवढं ते फिरलं नाही. चुकीची बातमी ज्या ग्रुपवर पन्नास अंगठे घेऊन गेली तिथे खऱ्या बातमीला तीन मिळाले. चौकला अजूनही एखादा विचारतो म्हणे, आपलं कालेज कवा चालू होनार.

मग थांबणं. पुढचे आठवडे मी रोज सकाळी भाईंदरच्या त्या कॉलेजच्या सायन्सच्या रिकाम्या जागांचा रकाना बघायचे. शून्य. फेरी संपली, शून्य. दुसरी संपली, शून्य. ती मुलगीही बघत असणार, पण आम्ही एकमेकींना फोन करत नव्हतो.

शेवटची फेरी तीन दिवसांवर आली तेव्हा आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. त्यांच्या मुलीने खांद्यावर ड्रॉइंगची लांब नळी अडकवलेली. मी सहज विचारलं, कॉलेज कसं चाललंय. ती म्हणाली, “कॉलेज नाही ताई, डिप्लोमा. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. सुरू होऊन आठवडा झाला.”

“आणि ते भाईंदरचं सायन्स?” त्या कॉलेजात हिला पहिल्याच फेरीत प्रवेश मिळाला होता. बिल्डिंगच्या ग्रुपवर पेढ्याचे फोटो आले होते.

“ते आहे ना. आईने ठेवलंय.”

ठेवलंय. डब्यात लाडू ठेवावेत तसं.

मी त्याच संध्याकाळी वर गेले. काकूंनी चहा टाकला. आमच्या घरांची ओळख जुनी, काकूंच्या हातचं खाऊन मी मोठी झाले. मी सरळ बोलले. चौकची मुलगी, बसचा टप्पा, वही, सगळं. म्हटलं, काकू, उद्या कॉलेजात जाऊन प्रवेश रद्द केलात तर ती जागा शेवटच्या फेरीत येईल. तिलाच मिळेल अशी खात्री नाही, पण येईल तरी. तिचे मार्क चांगले आहेत.

“अगं, पण डिप्लोमा हिला झेपला नाही तर? पहिल्या सेमिस्टरला मुलं गळतात म्हणे.”

“आठवडा झालाय जाऊन. आवडतंय तिला. तीच म्हणाली.”

“आठवड्यात काय कळतं? जागा एकदा सोडली की गेली. तुम्हीच सांगता ना, पत्रकात.”

“काकू, ती जागा तुम्ही वापरत नाही आहात.”

“वापरत नाही, पण आहे ना. सेफ्टीला आहे.” मग चहाचा कप माझ्यापुढे ठेवत त्या म्हणाल्या, “आणि मला एक सांग. चूक कुणी केली? तू. मग ती निस्तरायला माझ्या मुलीची सीट का मागतेस?”

मी तरीही बोलत राहिले, आवाज चढला, घरातल्या घरात भाषण. काकूंनी ते ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, “तुझ्या अकरावीला आठवतंय का? मीरा रोडला घेतलंस आणि अंधेरीचंही धरून ठेवलं होतंस. दिवाळीपर्यंत. तुझ्या आईला रद्द करायचा फॉर्म मीच आणून दिला होता.”

मला आठवत नव्हतं. खरंच नव्हतं. घरी जाऊन आईला विचारलं. आई भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “हो मग. सगळेच धरून ठेवायचे. बसमध्ये रुमाल टाकतात तसं.”

अंधेरीच्या त्या वर्गात त्या वर्षी कुणाला बसायचं होतं, मला कधीच कळणार नाही. कुणाच्या तरी घरी तेव्हा ‘बघू’ म्हटलं गेलं असेल. मी त्या वर्षी कुणावर तरी चिडून पहिलं पत्रक लिहिलं होतं, शिक्षण सर्वांना मिळालंच पाहिजे म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वर गेले. या वेळी भाषण केलं नाही. विनवणी केली. काकू म्हणाल्या, उद्या बघते. काकूंचे डोळे ओले होते, त्या वाईट बाई नाहीत, हे लिहायलाच हवं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या भाचीच्या साखरपुड्याला नाशिकला गेल्या. संध्याकाळी पाचला शेवटच्या फेरीच्या जागा पक्क्या झाल्या. सायन्सच्या रकान्यात दोन जागा होत्या. गुणवत्ता यादीत चौकच्या मुलीच्या वर नऊ जण.

तिला त्याच कॉलेजात आर्ट्स मिळालं.

इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा तिने मला फोन केला. “बसच्या टप्प्यात हाय,” ती म्हणाली. एवढंच. बापाने शब्द पाळला, मुलगी रोज भाईंदरला जाऊ लागली, इतिहास आणि अर्थशास्त्र शिकू लागली. आर्ट्समध्ये काही कमीपणा आहे असं मी म्हणत नाही, माझंच शिक्षण आर्ट्सचं आहे. पण मला ते हवं होतं. तिला माशाच्या अंड्यांबद्दल शिकायचं होतं.

गणपतीनंतर काकूंनी प्रवेश रद्द केला. डिप्लोमावाल्यांनी शाळा सोडल्याचा मूळ दाखला मागितला आणि तो भाईंदरच्या कॉलेजात अडकलेला, म्हणून. तोपर्यंत सगळ्या फेऱ्या संपल्या होत्या. त्या जागेवर वर्षभर कुणीच बसलं नाही. हे मला कसं कळलं? त्या मुलीने सांगितलं. आर्ट्सचा वर्ग पहिल्या मजल्यावर, सायन्सचा तिसऱ्या. एक दिवस मधल्या सुट्टीत ती वर गेली आणि दारातून आत बघून आली.

“पाच बाकं रिकामी हायत, ताई. मी शिपाईकाकांना विचारलं, कुणी सुट्टीवर हाय का. ते म्हणाले, न्हाय, रोजच रिकामी असतात.”

तिच्या आवाजात राग होता. पहिल्यांदा. मला बरं वाटलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

ही झाली गेल्या वर्षीची हकीकत. या वर्षी निकाल लागल्यावर तिने पुन्हा फॉर्म भरला. एक वर्ष जुन्या मार्कशीटवर, नव्या पोरांच्या रांगेत. बापाशी ती स्वतः बोलली. आई मधे पडली नाही, नुसती म्हणाली, “एक वरस दर्यात गेला असा समज.” बाप एक वर्षासाठी कबूल झाला. एकाच. या फेऱ्यांत सायन्स नाही मिळालं तर ती आर्ट्सची बारावी करेल, आणि वही बंद.

मी विचारलं, फॉर्म भरायला येऊ का?

“नको. तू हात लावू नको,” ती म्हणाली. अहो-जाहो केव्हाच गेलं होतं. मग, आईची ती रुमालाची गोष्ट मी तिला सांगितली होती ती धरून, “तू दुसरं काम कर. ती रुमालवाली लोकं तुझ्याच बिल्डिंगीत ऱ्हातात ना? त्यांच्याशी बोल.”

म्हणून हे लिहितेय. या वर्षी माझ्या बिल्डिंगीत असे दोन प्रवेश आहेत. शेजारच्या बिल्डिंगीत तीन. मी दारं वाजवली आहेत, एक उघडलं. बाकीच्यांनी ‘उद्या’ सांगितलं आहे. भाईंदरच्या सायन्सच्या रकान्यात आज सकाळी शून्य आहे, आणि शेवटची फेरी अजून व्हायची आहे. ती मुलगी प्रतीक्षेत आहे, आणि तिच्यासारख्या किती, ते मला माहीत नाही.

तुम्ही हे मीरा रोडला वाचत असाल, तुमच्या मुलाचा डिप्लोमा सुरू झाला असेल, क्लासवाल्या कॉलेजात नाव गेलं असेल, आणि तरीही कुठे एक अनुदानित जागा ‘सेफ्टीला’ ठेवलेली असेल, तर मला फोन करू नका, पाठिंबा कळवू नका, हे पुढे पाठवूही नका. उद्या सकाळी कॉलेजची खिडकी उघडते तेव्हा तिथे उभे राहा, रद्द करण्याचा अर्ज भरा, सही करा आणि दाखला घेऊन घरी या. शेवटच्या फेरीच्या आधी. ती जागा सोडा.